टॉवेल टाकलेल्या खुर्च्या

दर शुक्रवारी दुपारी चार वाजता माझ्या मोबाइलवरून आठशे बारा माणसांना एक निरोप जातो. शनिवार-रविवारी कोल्हापुरात आणि आसपास कुठलं नाटक बघाल, याचा. नाटक कुठं आहे आणि किती वाजता आहे, एवढं मी खरं लिहितो. का बघावं, ते माझ्या पदरचं असतं. चाळीस वर्षं मी पडदा ओढला. पडदा ओढणाऱ्याला नाटक समोरून कधीच दिसत नाही. विंगेतून अर्धं दिसतं, उरलेलं अर्धं मनानं घालावं लागतं. पडदा सुटला, ही खोड काही सुटली नाही.

उचगावच्या एका नटानं स्वगत सुरू केलं की मागच्या गोठ्यातल्या म्हशींना पान्हा फुटतो, म्हणून नाटकाच्या दिवशी तिथं दुधाची गाडी दोनदा येते, हे मी लिहिलं. एका खलनायकाला बघून पहिल्या रांगेतल्या फौजदाराचा हात आपोआप बेडीकडं गेला, हेही मीच लिहिलं. लोक वाचतात, हसतात, 'पिराजीची नवी थाप' म्हणून पुढं पाठवतात, आणि शनिवारी संध्याकाळी घरात टीव्ही लावून बसतात. आठशे बारांतले बारासुद्धा नाटकाला येत नाहीत. वरचे बारा तेवढे माझ्या पाहुण्यांतले, तेही येत नाहीत.

नोव्हेंबरातल्या त्या शुक्रवारी यादीत तीन नाटकं होती. शनिवारी संध्याकाळी साडेसहाला आमच्या पेठेतल्या शाळेच्या सभागृहात 'कुलूप लावून गेलेली बाई', महिला मंडळाचं, प्रवेश मोफत. रविवारी सकाळी कॉलेजच्या पोरांचं 'तिसऱ्या मजल्यावरचा देव'. रविवारी संध्याकाळी उचगावकरांचं 'म्हशीचं माहेर'. पहिल्यापुढं मी लिहिलं होतं, की यातल्या बाईनं तालमीत कुलूप लावलं तेव्हा शेजारच्या तीन घरांची कुलपं आपोआप लागली, आणि एका घरातला जावई अजून आत अडकून आहे.

ती बाई म्हणजे रत्नव्वा. वय त्रेसष्ट. माहेर संकेश्वरकडचं, नवरा बसाप्पा, भांड्यांचं दुकान. घरात कानडी, दुकानात मराठी आणि रागात दोन्ही. पन्नाशीनंतर नाटकात शिरली आणि अशी शिरली की तिच्यापुढं उभं राहायला बाकीच्या बायका घाबरायच्या. मला ती अण्णा म्हणते. गुरुवारी तालीम संपल्यावर तिनं मला जिन्याखाली गाठलं.

"अण्णा, एक काम हाय. खोटं बोलायचं काम न्हाय, आधीच सांगतो."

"मग मला कशाला बोलावलंस?"

"माणसं पायजेत. हॉल भरून."

"तुला कवापासनं गर्दीची हाव सुटली? परवा सात माणसांपुढं केलंस की."

तिनं इकडंतिकडं बघितलं आणि आवाज खाली आणला. "शिवशरण येणार हाय."

शिवशरण तिचा एकुलता एक मुलगा, तिला अव्वा म्हणणारा. चार वर्षांपूर्वी फुटबॉलच्या मॅचनंतर दोन टोळक्यांत मारामारी झाली, याच्या हातात बांबू होता, समोरच्या पोराच्या डोक्यात बसला. ते पोर तिसऱ्या दिवशी गेलं. याला सात वर्षं लागली, कळंब्याचं जेल. बसाप्पानं त्या दिवशी दुकानाची पाटी धुऊन काढली. 'आणि मुलगा' एवढी अक्षरं खरवडली आणि म्हणाला, माझ्या उंबऱ्याच्या आत त्याचं नाव घ्यायचं न्हाय. रत्नव्वा दर महिन्याला कळंब्याला जाते, खिडकीवर नाव देते, बाकावर बसते. आणि शिवशरण भेटायला बाहेर येत नाही. चार वर्षांत एकदाही आला नाही. तोंड दाखवायचं नाही, एवढाच निरोप येतो.

"एकवीस दिवसांची रजा मिळाल्या त्याला, त्यातलं पाच दिवस उरल्यात," ती सांगत होती. "शाहूवाडीला माझ्या बहिणीकडं हाय. तिनंच जामिनाच्या सह्या केल्या. मी जायला निघालो तर तो म्हणाला, अव्वा आली तर मी घर सोडून जाईन. आणि काल बहिणीचा फोन. म्हणाला म्हणं, नाटक बघीन. मागं बसीन. दिवस बुडला की येईन, नाटक संपून दिवे लागायच्या आत उठीन. आणि जमलं तर नंतर अव्वाशी बोलीन."

"मग येऊ दे की."

"मोकळ्या हॉलात तो उठून दिसंल, अण्णा. लोकं वळून बघतील. आमच्या पेठेतली लोकं वळून बघायला काय पैसं घेत्यात व्हय? एकानं जरी ओळखलं तरी तो उठंल. गर्दी पायजे. गर्दीत माणूस झाकतंय."

मी म्हटलं, भरला म्हणून समज.

शिवशरण माझ्या अंगाखांद्यावर वाढलेला. पाच-सहा वर्षांचा असताना मी त्याला सांगितलं होतं, की कळंब्याच्या तळ्यात एक मगर आहे, ती फक्त खोटं बोलणाऱ्या माणसाला खाते. त्यानं जरा विचार केला आणि म्हणाला, "मग पिरामामा, तुम्ही अजून कसं हाय?" असलं पोर. त्याच्यासाठी हॉल भरायचा होता.

आता हॉल भरायचा कसा? निरोपावर कोण येत नाही, हे मला ठाऊक. पण आपल्या लोकांचा स्वभावही मला ठाऊक. मोकळा हॉल दिसला की कोल्हापूरचा माणूस दारातनंच मान आत घालतो, 'काय न्हाय वाटतं' म्हणतो आणि जातो. जागा नाही म्हटलं की तोच माणूस दारात भांडायला उभा राहतो. शाळा बाजाराच्या वाटेवर, शनिवारी संध्याकाळी रस्ता वाहत असतो. दारात एकदा गर्दी झाली की रस्ताच आत येतो.

मग मला टॉवेलाची कल्पना सुचली.

आपल्याकडं टॉवेल म्हणजे माणूस. एसटीच्या खिडकीतनं आत फेकलेला टॉवेल असो, कुस्तीच्या मैदानात टाकलेला असो, जागेवर टॉवेल आहे म्हणजे तिथं कोणतरी बसलेलं आहे. फक्त दिसत नाही. तो उचलायची कुणाची छाती नाही. १९८१ साली एक माणूस गारगोटीच्या गाडीत टॉवेल टाकून पाणी प्यायला उतरला आणि गाडी सुटली. सतरा माणसं उभी होती, पण ती जागा गारगोटीपर्यंत मोकळी गेली. उतरताना कंडक्टरनं टॉवेलाला हाक मारली, म्हणतात.

माझ्या गल्लीतला परीट एका लॉजचे टॉवेल धुतो. शनिवारी दुपारी त्याच्याकडनं शहाण्णव घेतले, उद्या सकाळी परत म्हणून. ते कमी पडले तेव्हा उशीचे अभ्रे घेतले, पंचे घेतले, कुणाची ओढणी, माझी लुंगी आणि शेवटी गळ्यातला मफलर. हॉलात एकशे चाळीस खुर्च्या. नऊ खुर्च्यांवर नटमंडळींची नातेवाईक बाया-माणसं आधीच येऊन बसली होती. उरलेल्या एकशे एकतीस खुर्च्यांवर मी माझा कपडा पसरला. डाव असा होता: लोक येतील, भरलेलं बघतील, दारात थांबतील, गर्दी होईल. मग मी एकेकाच्या कानात म्हणायचं, 'या पावणं, तुमच्यासाठी धरून ठेवल्या,' आणि उपकार केल्यासारखा एकेक टॉवेल उचलायचा. फुकटच्या जागेपेक्षा उपकाराच्या जागेवर माणूस घट्ट बसतो. आणि शिवशरण आला की शेवटच्या रांगेतली कडेची खुर्ची. तिथं मी माझा मफलर टाकला होता.

शाळेचा शिपाई गुंडू दारात होता. बोलणं कमी, कामाला चोख. त्याला सांगितलं, "मी सांगेपर्यंत एकालाबी टॉवेलाला हात लावू द्यायचा न्हाय."

"न्हाय लावू देत," गुंडू म्हणाला.

सहा वाजले. पहिली दोन-चार माणसं फाटकातनं आत येताना दिसली आणि मी मिशीला हात लावला. तेवढ्यात नाटक बसवणारे मृत्युंजय सर पळत आले. घाम फुटलेला.

"काका, पडदा अडकलाय. अर्ध्यावर. ना वर जातोय, ना खाली येतोय."

आता सबंध पेठेत पडद्याची दोरी कळणारा मी एकच. गेलो. कप्पीवरनं दोरी उतरली होती, शिडी लावून बसवली. पाच मिनिटांचं काम. पाच मिनिटांत झालंसुद्धा. ते मी नंतर किती वेळा मोजलं, सांगत नाही.

खाली उतरलो तर रंगवलेल्या चेहऱ्यांच्या चार पोरी भोवती. त्यातली एक म्हणाली, "काका, पूर्वी पण असा अडकायचा काय हो पडदा?"

विचारायला नको होतं तिनं. किंवा मला कान नको होते. मी सांगायला लागलो, की एकदा इचलकरंजीत पडदा एवढा जड होता, की मी दोरी ओढली तर पडदा खाली राहिला आणि मीच वर गेलो. सबंध पहिला अंक आढ्याला लोंबकळत काढला. खाली खलनायक म्हणाला, 'देवा, तू आहेस का रे?' आणि मी वरनं म्हटलं, 'हाय, पण मला खाली घ्या.' टाळ्या थांबेनात. पुढं मालकानं प्रत्येक खेळाला देवाची भूमिका म्हणून मला वर टांगायला सुरुवात केली. पोरी हसून हसून खाली बसल्या. एकीच्या डोळ्यातलं काजळ ओघळलं, ते परत लावलं. मग मी आणखी एक सांगितली. रत्नव्वा आरशापुढं पाठ करून बसली होती. ती हसली नाही. ती आरशातनं माझ्याकडं बघत होती आणि मला वाटलं, हिला धीर येतोय.

पहिली घंटा त्यात झाली. दुसरीही झाली.

मी बाहेर आलो. हॉलात एकशे एकतीस टॉवेल पसरलेले आणि पुढं नऊ माणसं. दारात कोण नाही. ओसरीत कोण नाही. गुंडू दाराला पाठ लावून उभा.

"माणसं कुठं हायत, गुंडू?"

"परत लावली की," तो म्हणाला. छाती काढून म्हणाला. "साठ-सत्तर तरी असतील. एकालाबी हात लावू दिला न्हाय."

"थांबली न्हाईत व्हय रं? भांडली न्हाईत?"

"कशापायी भांडतील? टॉवेल हायत म्हटल्यावर. बघितलं आणि गेली. एक म्हातारं जरा कुरकुरलं. त्याला म्हटलं, आजोबा, लोकांनी जागा धरल्यात, तुम्ही आधी यायचं हुतं. त्याला पटलं."

मी रस्त्यावर पळालो. सत्तर वर्षांचा माणूस जसा पळतो तसा. गाड्या जात होत्या, भाजीच्या पिशव्या जात होत्या, हॉर्न वाजत होते. जाणाऱ्या दोघांना हाताला धरून म्हटलं, चला, हॉल मोकळा हाय, फुकट नाटक हाय. एकानं मला ओळखलं. "काय मामा, आत्ताच बघून आलो की, मुंगी शिरायला जागा न्हाय. आता रस्त्यावरबी सुरू केलंसा काय?" आणि गाडीला किक मारली.

मागं तिसरी घंटा झाली. तिसरी झाली की पडदा वर.

रत्नव्वानं त्या दिवशी जसं काम केलं तसं मी चाळीस वर्षांत बघितलं नाही. हे मी निरोपात लिहितो तसं लिहीत नाही. नाटकातली बाई घराला कुलूप लावते आणि एसटी स्टँडवर येऊन बसते, एवढीच गोष्ट. कुठं जायचं ते तिला ठाऊक नसतं. उजेड स्टेजवर, पुढच्या दोन रांगांच्या मागं तिला काळोखच दिसत असणार. त्या काळोखाला ती दोन तास बोलत होती. पुढच्या नऊ माणसांकडं तिनं पाहिलंसुद्धा नाही. ती शेवटच्या रांगेशी बोलत होती, कडेच्या खुर्चीशी, आणि तिथं माझा मफलर होता.

पडदा पडल्यावर ती रंग न पुसता, केस सुटलेले, थेट माझ्याकडं आली.

"आलता?"

आणि मी म्हटलं, "आलता."

ठरवून म्हटलं नाही. डोळ्याला चिलट आलं की पापणी मिटते, तसं ते तोंडातनं गेलं.

"कुठं बसला हुता?"

"मागं. कडंला."

"मला वाटलंच!" तिनं माझा हात धरला. "मला कळतच हुतं अण्णा, तिकडनं कायतरी येत हुतं माझ्याकडं. रडला का?"

"तू कुलूप लावलंस तवा रुमाल काढला त्यानं."

ती रंगाच्या पेटीवर खाली बसली. तोंडावर पदर घेऊन कानडीत कायतरी पुटपुटत राहिली. भोवतीच्या बायका तिच्या पाठीवरनं हात फिरवायला लागल्या. आयुष्यभर थापा मारल्या मी, पण एवढी पटलेली एकही नव्हती.

सगळे गेल्यावर मी आणि गुंडू टॉवेलांच्या घड्या घालत होतो. गुंडू आपणहून बोलत नाही. पण त्या दिवशी त्याला आपलं काम चांगलं झाल्याचं समाधान होतं, म्हणून बोलला.

"एक बाकी चिकट हुता. उंच, केस बारीक कापल्यालं. तोंडाला रुमाल. पैल्या घंटेच्या आधीच आलता. कडंला एकांदी हाय का म्हणाला. म्हटलं, न्हाय पावणं, एकबी न्हाय. म्हणाला, उभा राहू का? म्हटलं, उभं राहायची परवानगी न्हाय."

मी हातातली घडी खाली ठेवली. "त्याच्या भुवईत टाक्यांची खूण हुती?"

"हुती की. डाव्या. वळखीचा हुता व्हय?"

"मग काय म्हणाला?"

"बरं म्हणाला. लई वेळ आत बघत हुता, त्या टॉवेलांकडं. मग भायेर बोर्डावर बायांचं फोटो हायत न्हवं, तिथं उभारला. मग गेला." गुंडूनं माझ्याकडं बघितलं. "कुणाची जागा धरली हुती का त्याच्यासाठी? तसं असलं तर सांगायचं हुतंसा की."

रविवारी पहाटेची गाडी धरून मी शाहूवाडीला गेलो. यादीतली दोन्ही नाटकं सोडली. मनात एकच होतं, पोराला घेऊन यायचं, आईपुढं उभं करायचं, म्हणजे काल बोललो ते निदान आज तरी खरं होईल. रजेचे दोन दिवस शिल्लक होते. भातकाढणीचे दिवस, गाडीत विळे घेतलेल्या बाया होत्या. त्या काय बोलत होत्या ते मला ऐकू आलं नाही.

रत्नव्वाची बहीण दारात भात वाळत घालत होती. मला बघून तिनं काय ते ओळखलं असावं.

"गेला तो," म्हणाली. "सकाळच्या पयल्या गाडीनं. आत हजर हुतो म्हणाला."

"दोन दिवस हायत की अजून!"

"मी म्हटलं तेच. म्हणाला, भायेर राहून काय करू मावशी? तिथं सगळ्यांची जागा धरल्याली हाय. माझीच तेवढी न्हाय. रात्री जेवला न्हाय काय न्हाय. अव्वा वाट बघत असंल ते खरं, म्हणाला, पण माझी जागा कुठं ठेवली नव्हती तिनं." तिनं भातातनं हात फिरवला. "अण्णा, एक खुर्ची न्हाय का ठेवता आली तुमास्नी त्या पोराला?"

आमच्या दोघांच्या गाड्या वाटेत एकमेकींना ओलांडून गेल्या असणार.

परत येताना रत्नव्वाचा फोन आला. मी गाडीत आहे म्हणालो. तिला कुठं काय विचारायचं होतं. तिला सांगायचं होतं.

"अण्णा, उद्या माझ्यासंगं कळंब्याला या. शिवशरण हजर झालाय म्हणं, बहिणीनं नुसतं एवढंच सांगून फोन ठेवला. दोन दिवस आधीच गेला, बघा, किती शहाणा झालाय. आता तो भेटंल. त्यानं बघितलं की मला. आता कसलं तोंड लपवायचं राहिलं? आणि ऐका, ह्यांना सांगितलं मी. तो आलता म्हणून. चार वर्षांत पहिल्यांदा ह्यांनी विचारलं, बारीक झालाय का म्हणून. मी म्हटलं, अण्णांनी बघितलाय, विचारून सांगतो. झालाय का हो बारीक?"

"थोडा," मी म्हटलं.

तिथं गाडीतच सांगायला पाहिजे होतं. सोमवारी सकाळी तिच्या दारात सांगायला पाहिजे होतं. पण दारात बसाप्पा उभा होता, बनियनवर, आणि मला बघून तो आत गेला नाही. नाहीतर चार वर्षं तो मला बघून आत जायचा. एवढंच म्हणाला, "लवकर जावा. उन्हं हुत्यात." त्याच्यापुढं कसं सांगू?

कळंब्याला खिडकीपुढं रांग होती. रत्नव्वानं इरकली नेसली होती. पिशवीत कडक भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी.

"मावशी, बाहेरचं खाणं आत जात न्हाय," खिडकीवरचा शिपाई म्हणाला. तरुण होता, बोलायला बरा होता.

"ठाऊक हाय रं बाबा. लांबनं दाखवतो नुसतं."

नाव दिलं, आधार कार्ड दाखवलं, आणि आम्ही बाकावर बसलो. ती केसांवरनं हात फिरवत होती, पदर सारखा करत होती. स्टेजवर जायच्या आधी कधी तिला मी असं करताना बघितलं नव्हतं. अर्ध्या तासानं शिपाई आला.

"नको म्हणतोय, मावशी."

"माझं नाव सांगितलंस?"

"आई आल्या म्हणून सांगितलं."

"नाटकाची आई म्हणून सांग. परवाच्या नाटकाची. तो आलता की तिथं. मागं बसला हुता. मला बघून रडला," आणि ती माझ्याकडं वळली, "सांगा की अण्णा ह्याला!"

मी सांगितलं. शिपायाला नाही, तिला. तिथं बाकावर, रांगेतल्या लोकांच्या देखत. परटाचे टॉवेल सांगितले, गुंडू सांगितला, पाच मिनिटांची दोरी सांगितली आणि त्यापुढची पंचवीस मिनिटं, पोरींना हसवण्यात गेलेली, तीही सांगितली. शाहूवाडी सांगितली. ती ऐकत होती. मला वाटलं होतं ओरडेल, हात उगारेल. कोल्हापूरच्या बाईनं ओरडावं तशी ती ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं.

"किती टॉवेल?" तिनं विचारलं.

"एकशे एकतीस."

"आणि माणसं?"

"नऊ."

ती उठली आणि खिडकीशी गेली. "बाबा, एवढं सांगून ये त्याला. सगळ्या जागा मोकळ्या हुत्या. कुणी धरल्या नव्हत्या. या म्हाताऱ्याची चूक झाली. तुझी जागा ठेवली हुती, कडंला, मागं. एवढंच सांग."

शिपाई घुटमळला. "मावशी, आत प्रत्येकाला भायेरनं असली कायतरी गोष्ट येतीच."

"ही गोष्ट न्हाय रं."

तो गेला. या वेळी लवकर आला. तिच्याकडं न बघता माझ्याकडं बघत म्हणाला, "पिरामामा तुम्हीच व्हय? सांगितल्यावर त्यानं इचारलं, पिरामामा हाय का संगं? व्हय म्हटलं तर हसला. म्हणाला, अव्वाला सांगा, मामाचं काय मनावर घेऊ नको. बिचारं बरं वाटावं म्हणून बोलतंय. आणि पुढच्या महिन्यात येऊ नका म्हणाला. उगंच हेलपाटा."

आम्ही बाहेर बसथांब्यावर येऊन बसलो. ऊन चढलं होतं. तिनं पिशवी मांडीवर घेतली होती.

"अण्णा, तो दारात उभा हुता तवा मी काय बोलत हुतो?"

मला कळलं ती काय मागतेय. स्टँडवरच्या बाईचं एखादं वाक्य, निदान एक शब्द, जो त्याच्या कानावर पडला असेल. ते नाटक मला तोंडपाठ होतं. पाहिजे ते वाक्य उचलून मी तिच्या हातावर ठेवू शकत होतो. त्यातली दोन-तीन तर अशी होती, की ती त्यावर तीन वर्षं काढू शकली असती.

"काय न्हाय," मी म्हटलं. "तो पहिल्या घंटेच्या आधीच गेला. तू आत आरशापुढं हुतीस."

"म्हणजे आवाजबी ऐकला न्हाय माझा."

"न्हाय."

तिनं मान हलवली. पेठेकडं जाणारी बस आली, थांबली, ड्रायव्हरनं आमच्याकडं बघितलं. ती उठली नाही.

"घरी हे दारात उभं असतील," ती म्हणाली. "बारीक झालाय का, ते इचारतील."

बस गेली. तिच्यामागनं दुसरी आली, तीही गेली.